सोलापूरच्या कॉलेज फुटबॉलचा सीझन किती दिवसांचा?

सोलापूरच्या दयानंद कॉलेजने जागेवरून न हलता चार विद्यापीठं बघितली आहेत. १९४० साली कॉलेज सुरू झालं तेव्हा ते मुंबई विद्यापीठाचं होतं. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झालं आणि सोलापूर तिकडे गेलं. १९६२ मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ आलं, सोलापूर त्यात गेलं. १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं. फक्त एका जिल्ह्यासाठी काढलेलं राज्यातलं हे पहिलंच विद्यापीठ. २०१९ पासून त्याचं नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ.

बहुतेकांच्या दृष्टीने हा डिग्रीच्या कागदावरच्या नावाचा बदल आहे. मार्कशीट कुठून येणार, रिव्हॅल्युएशनला कुठे खेटे घालायचे, संपला विषय. पण कॉलेजच्या टीममध्ये खेळणाऱ्या पोराचं तसं नसतं. तो कुणाशी खेळणार, किती लांब जाणार आणि कुठे हरून घरी येणार, हे सगळं आपलं कॉलेज कोणत्या विद्यापीठाला संलग्न आहे यावर ठरतं. त्याच्यासाठी विद्यापीठ म्हणजे नकाशा.

मी अठ्ठावीस वर्षांचा आहे, हिंजवडीत सॉफ्टवेअर लिहितो. त्याआधी चार वर्षं सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचा लेफ्ट बॅक होतो. कॉलेज सुटलं, पण आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल फॉलो करायची सवय सुटली नाही. दरवर्षी पावसाळा संपत आला की जुन्या ग्रुपवर लॉट्सचा फोटो येतो, मग स्कोअर यायला लागतात. जमलं तर मी शुक्रवारी संध्याकाळची हुतात्मा पकडून सोलापूर गाठतो आणि शनिवारी बाउंड्रीवर उभा राहतो. 'एवढ्या छोट्या फुटबॉलमध्ये बघण्यासारखं काय आहे बे?' हा प्रश्न मला दरवर्षी विचारला जातो. हा लेख म्हणजे त्याचं जरा लांबलेलं उत्तर.

पोरांनी लिहिलेला खेळ

पहिली गोष्ट, फुटबॉल हा कॉलेजच्या पोरांनी कागदावर आणलेला खेळ आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या प्रत्येक शाळेचा फुटबॉल वेगळा होता. कुठे बॉल हाताने धरायला परवानगी, कुठे समोरच्याच्या नडगीवर लाथ मारायलाही. ही सगळी पोरं केंब्रिजमध्ये एकत्र आली, मैदानात उतरली आणि एकमेकांना ओरडायला लागली, कारण प्रत्येकाच्या मते दुसरा फाऊल करत होता. १८४८ मध्ये वेगवेगळ्या शाळांतून आलेल्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसून एक नियमावली लिहिली. १८६३ मध्ये लंडनला फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली तेव्हा तिच्यासमोर केंब्रिजच्या नियमांचा नमुना होता. अमेरिकेतला पहिला कॉलेज सामना १८६९ चा, रटगर्स विरुद्ध प्रिन्स्टन, एका बाजूला पंचवीस जण. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज १८७४ मध्ये पहिल्यांदा भिडले.

भारतात मात्र हा खेळ आधी पलटणींबरोबर आला. सिमल्यात ड्युरँड कप १८८८ मध्ये सुरू झाला, मुंबईत रोव्हर्स कप १८९१ मध्ये. त्याच १८९१ मध्ये श्रीनगरच्या मिशन शाळेत टिंडल-बिस्को नावाच्या शिक्षकाने फुटबॉल आणला, तर पंडितांच्या मुलांनी बॉलला पाय लावायला साफ नकार दिला. बॉल चामड्याचा, त्याला शिवायचं कसं? शेवटी मास्तरांनी काठ्या हातात घेतल्या तेव्हा सामना सुरू झाला. त्यानंतर वीसच वर्षांनी, २९ जुलै १९११ रोजी, मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवून आयएफए शील्ड जिंकली. अकरापैकी दहा जण अनवाणी होते.

तेव्हा भारतात फुटबॉल रुजवणाऱ्या जागा कोणत्या? छावणी, मिशन शाळा, बंदर, रेल्वे आणि संस्थान. यादी लक्षात ठेवा, सोलापूरला येताना लागेल.

कराचीपासून सोलापूरपर्यंत

दयानंद कॉलेज सुरू झालं तेव्हाचं मुंबई विद्यापीठ आजच्या डोळ्यांना विचित्र वाटेल. सिंधला १९४७ पर्यंत स्वतंत्र विद्यापीठ नव्हतं. गुजरात आणि धारवाडकडचा भाग १९४९ नंतर वेगळा झाला. म्हणजे १९४० चा सोलापूरचा विद्यार्थी, धारवाडच्या कर्नाटक कॉलेजचा विद्यार्थी आणि कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजचा विद्यार्थी एकाच विद्यापीठाचे. कागदावर तिघेही एकाच टीमचे उमेदवार.

देशातल्या विद्यापीठांचं एकत्रित मंडळ, इंटर-युनिव्हर्सिटी बोर्ड, १९२५ मध्ये स्थापन झालं होतं. पुढे त्याचंच नाव असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज झालं. आजही सगळा विद्यापीठीय खेळ याच संस्थेच्या वेळापत्रकावर चालतो. चाळीसच्या दशकात आंतरविद्यापीठ फुटबॉल सुरू झाला, चषकाला नाव सर आशुतोष मुखर्जींचं. ही उतरंड तेव्हापासून फारशी बदललेली नाही. कॉलेजची टीम, मग विद्यापीठाची टीम, मग विभाग, मग अखिल भारतीय.

या उतरंडीत वरच्या पायरीवर जाणारा एकच मार्ग असतो, आणि तो विद्यापीठाच्या मुख्यालयातून जातो. मुख्यालय मुंबईत असलं तर सोलापूर साडेचारशे किलोमीटरवर. पुण्यात असलं तर अडीचशे. १९६२ नंतर ते कोल्हापुरात गेलं, आणि तिथे वेगळीच गंमत झाली.

कोल्हापूरच्या सावलीत बेचाळीस वर्षं

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन झालं. सोलापूर जिल्हा त्यात होता. याचा फुटबॉलच्या भाषेत अर्थ असा की महाराष्ट्रातल्या सर्वांत फुटबॉलवेड्या शहराबरोबर आपण एकाच टीमसाठी स्पर्धेत उतरलो.

कोल्हापूरचा फुटबॉल ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून पटत नाही. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, पेठेपेठेत तालमी उभ्या राहिल्या. पुढे याच तालमींनी फुटबॉलच्या टीम काढल्या. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. नावं ऐकली तर वाटेल कुस्तीचं मैदान आहे, पण शाहू स्टेडियमवर हजारो माणसं येतात ती बॉलसाठी. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग होते, ती संपली की एकामागून एक चषक स्पर्धा. छत्रपती घराणं आजही या संघटनेच्या पुढे आहे. २०१७ मध्ये भारतात सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप झाला, त्यात भारताच्या टीममधला अनिकेत जाधव कोल्हापूरचा.

इथे एक गोष्ट नीट बघायला हवी. कोल्हापूरचा फुटबॉल कॉलेजने घडवला नाही. तो पेठेने घडवला. कॉलेजच्या टीमचा स्ट्रायकर संध्याकाळी आपल्या तालमीच्या टीमचाही स्ट्रायकर असतो. कॉलेजच्या सामन्याला तो येतो तेव्हा लीगमध्ये घासून आलेला असतो. मैदानावर हजारोंच्या शिव्या खाल्लेल्या असतात, टायब्रेकरला पाय थरथरून झालेले असतात. हेच गडहिंग्लजचं. तालुक्याचं गाव, पण फुटबॉल नसानसात.

आता त्याच्या समोर सोलापूरचा पोरगा ठेवा. शिवाजी विद्यापीठात आधी विभागीय सामने व्हायचे, सोलापूर विभाग वेगळा, कोल्हापूर वेगळा, सांगली आणि सातारा वेगळे. मग आंतरविभागीय. सोलापूर विभाग जिंकलेली टीम मंगळवेढा, सांगोला, मिरज करत सव्वादोनशे किलोमीटर जायची आणि ज्यांच्यासाठी फुटबॉल हा वर्षभराचा धंदा आहे त्यांच्यासमोर उभी राहायची. विद्यापीठाच्या टीममध्ये जागा वीसेक, आणि त्या कोल्हापूरच्याच नव्हे तर कोल्हापूरच्या एका पेठेतूनही भरून निघतील अशा. 'काय भावा, सोलापूरला फुटबॉल हाय व्हय?' हा प्रश्न तिथे आजही हसत विचारला जातो. विचारणारा वाईट नसतो, त्याला खरंच नवल वाटत असतं.

मग सोलापूरला का नाही?

आता ती यादी काढा. छावणी, मिशन शाळा, बंदर, रेल्वे, संस्थान.

बंदराचा प्रश्नच नाही. सोलापूर शहर थेट ब्रिटिशांच्या ताब्यात, त्यामुळे पेठांना टीम काढायला लावणारं राजघराणं नाही. मराठी मुलखातल्या जुन्या फुटबॉलच्या जागा बघितल्या तर कामठीला छावणी आहे, मिरजेला रेल्वेचं जंक्शन आणि मिशन आहे, कोल्हापूरला दरबार आहे. सोलापूरला रेल्वे १८६० मध्येच आली, आजही ते मध्य रेल्वेच्या विभागाचं मुख्यालय आहे. पण शहराचा स्वभाव ठरवला तो गिरण्यांनी. जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. पाळ्यांत विभागलेलं शहर.

गिरणी म्हटलं की फुटबॉल होतच नाही असं नाही. भारताची पहिली राष्ट्रीय फुटबॉल लीग, १९९६-९७ ची, जिंकली ती फगवाड्याच्या जेसीटी या कापडगिरणीच्या टीमने. मुंबईत मफतलाल, ओर्के मिल्स यांच्या टीम नावाजलेल्या होत्या. तिथे चांगल्या खेळाडूला नोकरी मिळायची. नोकरी असली की आई-बाप पोराला खेळू देतात, एवढं साधं अर्थशास्त्र आहे. सोलापुरात गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि विसावं शतक संपताना भोंग्यांचं शहर ही ओळखच पुसली. ज्या काळात मालक खेळाडू पोसू शकले असते तो काळ आमच्या फुटबॉलच्या वाट्याला आलाच नाही.

खेळाची भूक मात्र होती, ती दुसरीकडे गेली. माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरचा खो-खो राज्यात ओळखला जातो. क्रिकेटमध्ये पॉली उम्रीगर यांचा जन्म सोलापूरचा. जानेवारी २०२४ मध्ये पार्कवर, म्हणजे इंदिरा गांधी स्टेडियमवर, महाराष्ट्राचा रणजी सामना झाला तेव्हा सोलापूरकरांना किती कौतुक होतं ते त्या दिवसांतले स्टेटस बघितलेल्यांना माहीत आहे. फुटबॉलसाठी उरलं ते कॉलेज. कोल्हापुरात कॉलेजच्या आधी पेठ आहे. सोलापुरात कॉलेजच्या आधी काही नाही आणि कॉलेजच्या नंतरही काही नाही. त्यामुळे कॉलेजचा सीझन हाच आमचा सगळा फुटबॉल.

सीझन, जसा असतो तसा

तर २००४ मध्ये केगावला, जिथे आधी शिवाजी विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं, तिथे सोलापूर विद्यापीठ उभं राहिलं. फुटबॉलसाठी याचा परिणाम लगेच दिसणारा होता. आता सोलापूर जिल्ह्यातल्या वीसेक पोरांना दरवर्षी विद्यापीठाची जर्सी मिळणार. त्यांना कुणा कोल्हापूरकराला बाजूला सारायची गरज नाही. बार्शी, पंढरपूर, अकलूज, सांगोला इथल्या पोरांनाही 'कलर होल्डर' होता येणार. कलर कोटाचं वजन ज्याच्या घरात कुणी ब्लेझर घातलेला नाही त्यालाच कळतं.

सीझन सुरू होतो तो मैदानावर नाही, जिमखान्यात. पात्रता फॉर्म, बोनाफाईड, बारावीची मार्कशीट, फोटो. वय पंचवीसच्या आत. मग अकरा पोरं गोळा करायची. यातली चार कधीच फुटबॉल खेळलेली नसतात, पण पळतात चांगली. एक हँडबॉलवाला असतो, तो आपोआप गोलकीपर होतो. सबमिशनच्या तारखा आणि सामन्यांच्या तारखा नेमक्या एकाच आठवड्यात येतात.

सोलापुरात सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो, आणि जमीन काळी. पाऊस पडला की मैदान बुटाला पकडून ठेवतं, प्रत्येक पावलाला पाव किलो माती वर येते. आठवडाभर ऊन पडलं की तीच माती सिमेंटसारखी. सकाळी मारलेली फक्कीची लाइन दुपारपर्यंत अर्धी पुसलेली असते आणि बॉल बाहेर गेला की नाही यावर दोन्ही टीम, दोन्ही सर आणि लाइन्समन यांची सभा भरते. आमच्या गोलमागे बाभळी होत्या. बॉल तिकडे गेला की आधी काटा काढायचा, मग गोल किक.

सामने नॉकआउट. पहिल्या फेरीत एखादी टीम येतच नाही, मग समोरच्याला पुढे चाल. दोन दिवसांत, फार तर तीन दिवसांत, विजेता ठरतो. लगेच निवड चाचणी, काही दिवसांचं शिबिर, ट्रॅकसूट, आणि विद्यापीठाची टीम पश्चिम विभागाच्या स्पर्धेला स्लीपर कोचमधून निघते. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश एवढ्या मुलखातली विद्यापीठं तिथे असतात. शेवटच्या चार टीम अखिल भारतीयला जातात. त्याआधी हरलात की परतीचं तिकीट.

माझ्या बरोबरीचा बार्शीकडचा एक स्ट्रायकर होता. डावा पाय असा की बॉल त्याच्याजवळ आला की आम्ही मागचे श्वास घ्यायचो. तो विद्यापीठाच्या टीममध्ये गेला. रात्रभर प्रवास, दुसऱ्या दिवशी एक सामना, पहिल्याच सामन्यात बाहेर. परत आला तेव्हा त्याने सांगितलेली गोष्ट मी विसरलेलो नाही. 'आपण वाईट नाय खेळलो बे. फक्त पहिली वीस मिनटं कळंनाच काय चाललंय. कळायला लागलं तवर दोन गोल झालते.' तो आता बार्शीत दुकान सांभाळतो. बाविसाव्या वर्षी त्याचं फुटबॉल संपलं. त्या वर्षी कॉलेज आणि विद्यापीठ धरून त्याने चार अधिकृत सामने खेळले होते.

गणित

मी इंजिनिअर आहे, त्यामुळे शेवटी आकड्यांवर येणारच.

नॉकआउटमध्ये सोळा टीम असतील तर एकूण सामने पंधरा. त्यातल्या आठ टीम एकच सामना खेळून घरी जातात. चार टीम दोन खेळतात. म्हणजे पाऊण स्पर्धेचा वर्षाचा फुटबॉल दोन सामन्यांत संपतो. याच सोळा टीमचे आठ-आठचे दोन गट करून साखळी खेळवली तर सामने छप्पन्न होतात आणि सगळ्यात वाईट टीमलाही सात सामने मिळतात.

जगात छोट्या कॉलेजांचा फुटबॉल कसा चालतो हे बघताना मी अमेरिकेच्या 'डिव्हिजन थ्री'पर्यंत गेलो. १९७३ मध्ये तयार झालेला हा गट. यातली कॉलेजं खेळासाठी स्कॉलरशिप देत नाहीत. बहुतेक पोरांना माहीत असतं की आपण प्रो होणार नाही. तरी मुख्यतः न्यू इंग्लंडमधल्या अकरा छोट्या कॉलेजांची एक परिषद आहे, 'नेस्कॅक' म्हणतात. त्यात अ‍ॅमहर्स्ट, विल्यम्स अशी दोन-दोन हजार विद्यार्थ्यांची कॉलेजं आहेत. तिथे प्रत्येक टीम उरलेल्या दहांशी खेळते. म्हणजे बाहेरचे सामने सोडूनही दहा. त्यांच्याकडे पैसा आहे, हिरवळ आहे, बस आहे, सगळं मान्य. पण हरलेल्याला पुढच्या शनिवारी पुन्हा सामना असतो, यासाठी हिरवळ लागत नाही. वेळापत्रक लागतं.

आणि नकाशा किती आडमुठा असतो बघा. सोलापूरहून विजयपूर शंभर किलोमीटर, कलबुर्गी त्याहून थोडं जास्त. अर्ध्या सोलापूरचे पाहुणे तिकडे आहेत. पण कर्नाटक दक्षिण विभागात येतं, त्यामुळे सोलापूरची टीम राजस्थानच्या टीमशी खेळू शकते, कलबुर्गीच्या टीमशी नाही. शहराच्या आतही तेच. सोलापूरचं सरकारी मेडिकल कॉलेज १९९८ नंतर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठात गेलं. जिल्ह्यातली काही इंजिनिअरिंग कॉलेजं लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडली गेली. एकाच गावात, रिक्षाने वीस मिनिटांवर असलेल्या या टीम अधिकृत स्पर्धेत एकमेकांसमोर येत नाहीत.

म्हणून मला वाटतं, २००४ ने आम्हाला जर्सी दिली पण सामने दिले नाहीत. आणि जर्सी लहान गोष्ट नाही. कोल्हापूरच्या सावलीत राहिलो असतो तर बार्शीच्या त्या पोराला ती मिळणं अवघड होतं. 'जुनं ते बरं होतं, निदान तगड्या टीमशी खेळायला मिळायचं' असं म्हणणारे सीनियर मला भेटतात. पण विभागातून वर गेलेल्या एका टीमला मिळणारे एक-दोन तगडे सामने आणि बाकीच्यांना काहीच नाही, हे तेव्हाही होतंच. चारही विद्यापीठांत एक गोष्ट बदलली नाही. दरवेळी प्रश्न 'टीम कुणाची?' हा होता. 'सामने किती?' हा कुणी विचारला नाही. कोल्हापूरने तो विचारला, आणि विद्यापीठाच्या बाहेर, पेठेत विचारला. त्याचं उत्तर म्हणजे त्यांची लीग.

आमच्याकडे पेठेची लीग नाही, पण कॉलेजं आहेत. मेडिकलवाले, लोणेरेवाले, विद्यापीठवाले, पॉलिटेक्निकवाले. त्यांची एकत्र लीग लावायला कुणाची संलग्नता बदलावी लागत नाही. शनिवार लागतात, एक मैदान लागतं आणि दोन रेफ्री. दिवाळीनंतरची गोष्ट ठेवायची, जमीन वाळलेली असते. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला आठ दिवस सुट्टी. आठ टीम तयार झाल्या तरी प्रत्येकीला सात सामने. चार सामन्यांत संपलेल्या माणसाला ते सात किती वाटतील, ते बार्शीच्या दुकानात जाऊन विचारा.

गेल्या महिन्यात मी ग्रुपवर एक शीट टाकली. आठ रकाने, सात शनिवार. आतापर्यंत तीन टीमनी नावं भरलीत. चौथ्या रकान्यात कुणीतरी फक्त एवढंच लिहिलंय, 'पोरं आहेत, बॉल नाही.' बॉल मी घेऊन येतोय.